दोन नद्यांच्या मधलं घर

हत्तरसंग कुडलला आम्ही लग्नाच्या आधीपासून जातोय. भीमा आणि सीना तिथं भेटतात. देवळात शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा मराठी शिलालेख आहे. पाहुणे आले की मी त्यांना तिथं न्यायचो, शिलालेख दाखवायचो, मग घाटावर उभं राहून हात लांब करून भूगोल सांगायचो: ही पंढरपूरकडून आलेली भीमा, ती नगरकडून आलेली सीना. एवढं तोंडपाठ असलेल्या माणसानं या दोन नद्यांच्या बेचक्यातलं मंद्रूप राहायला निवडताना एकदाही विचार केला नाही, की पूर आला तर आपण कुठल्या काठाला असू?

पण ती अक्कल शेवटी आली. आधीच्या चुका आधी.

सोलापुरात विजापूर रोडला आमचं भाड्याचं घर होतं. थोरली पाच वर्षांची, धाकटा दोनचा. पाणी चार-पाच दिवसांनी एकदा यायचं, आणि ते आलं की घरातलं पातेलंसुद्धा भरून ठेवायचं. सोलापूरला भीमेचं पाणी टाकळीहून सोरेगावला येतं, आणि टाकळीला जाताना वाटेत मंद्रूप लागतं. त्यावरून मी बायकोला म्हटलं, पाणी ज्या वाटेनं येतं त्या वाटेवरच जाऊन राहू की! विनोद म्हणून बोललो होतो, पण हळूहळू मलाच तो हिशेब वाटायला लागला. आता मंद्रूपला बोअरचं पाणी इतकं खारट, की डाळ शिजत नाही. प्यायला जार विकत घेतो.

गाव बघायला गेलो ते जानेवारीत, रविवारी सकाळी. ज्वारी उभी, गार वारा, ओळखीच्या एकांनी रानात हुरडा भाजून दिला, सोबत शेंगाचटणी. हुरड्याच्या दिवसांत कुठलंही गाव घ्यावंसंच वाटतं. मे महिन्यात दुपारी दोनला जाऊन त्या घराच्या स्लॅबखाली अर्धा तास बसलो असतो तर बरं झालं असतं. पारा चव्वेचाळीसला टेकतो तेव्हा शहर काय, गाव काय, पण शहरात निदान आमच्या खिडकीसमोर लिंब होता.

कागदांच्या बाबतीत मात्र मी चोख. सातबारा, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, सगळं दोन वकिलांना दाखवलं. त्यात काहीच चुकलं नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

अंतर मोजलं तेही चुकीच्या टोकापासून. मंद्रूप ते सोलापूरचा सात रस्ता जेमतेम पंचवीस किलोमीटर. याच सोलापूर-विजापूर महामार्गावर २०२१च्या फेब्रुवारीत एका लेनचं २५.५४ किलोमीटर डांबरीकरण १८ तासांत झालं होतं. त्या विक्रमाचा मला इतका अभिमान, की रस्ता जणू माझ्यासाठीच केलाय. अर्ध्या तासात सोलापूर, असं सगळ्यांना सांगत सुटलो. पण माझी नोकरी सात रस्त्याला नाही. ती चिंचोळी एमआयडीसीत, पुणे रोडला, म्हणजे शहराच्या बरोबर दुसऱ्या बाजूला. हे मला माहीत नव्हतं असं नाही. नकाशात बोट सोलापूरवर टेकवलं की काम झाल्यासारखं वाटायचं, एवढंच.

खरी मोठी चूक मुलांची. थोरलीची शहरातली शाळा चांगली, मैत्रिणी जमलेल्या, फी भरलेली. शाळा नको बदलायला, व्हॅन लावू, असं ठरवलं. डॉक्टर तेच, गाण्याचा क्लास तोच, वाढदिवसही तिकडचेच. साडेसहाला व्हॅन, त्यासाठी साडेपाचला उठवणं. सहा वर्षांचं पोर डोळे मिटूनच दात घासायचं. परत यायची ती दप्तरावर डोकं ठेवून झोपलेली. गल्लीतली पोरं तिला ‘सोलापूरची पोरगी’ म्हणायची. मोकळं अंगण मिळावं म्हणून गावात आलो आणि त्या अंगणात ती खेळायची फक्त रविवारी, तेही एकटीच, कारण रविवारी बाकीची पोरं रानात.

शेजारच्या अव्वा एकदा म्हणाल्या, “काय की बाबा, पोरगी झोपायला तेवढी येतीय गावात.” मी हसलो. घरात आल्यावर बायकोला म्हटलं, यांना आपल्या अडचणी कुठं कळतात?

मग २०२५चा सप्टेंबर. सीनेला महापूर आला, वडकबाळजवळ पाणी चढलं, महामार्ग बंद. तिऱ्ह्याकडून जावं, तर तिथंही सीनाच. सोलापूरहून मंद्रूपला सीना ओलांडल्याशिवाय जाताच येत नाही, हे मला त्या दिवशी सोरेगावला अडवलेल्या ट्रकांच्या रांगेत उभं राहून समजलं. कुडलच्या घाटावर दहा वर्षं हात लांब करून मी तेच सांगत होतो.

आम्ही दोघं आणि थोरली शहरात. धाकटा पलीकडं, अव्वांकडं.

रात्र सैफुलला मावशीकडं काढली. बायको बोलत नव्हती. मला दोष देण्याइतकंसुद्धा नाही. अव्वांच्या नातवानं व्हिडिओ कॉल लावला. आम्हाला वाटलं, पोरगं रडून हैराण असेल. ते अव्वांच्या मांडीत बसून दुधात कुस्करलेली भाकरी खात होतं. “ऊटा आतेन?” अव्वांनी विचारलं. “आतु,” म्हणालं. अंगणवाडीत जाऊन आणि अव्वांच्या ओसरीवर खेळून ते कधी कन्नड शिकलं, आम्हाला पत्ताच नव्हता. थोरलीनं फोन खाली ठेवला आणि मला विचारलं, “पप्पा, मला का नाही तिथं ठेवलं?”

दिवाळीच्या सुट्टीत शाळा सोडल्याचा दाखला काढला. आता ती गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. पहिले पंधरा दिवस रडली, मैत्रिणींसाठी. शिवाय मैदानावर पोरी भांडायला लागल्या की कन्नडवर जायच्या आणि हिला नेमकं भांडणच कळायचं नाही. धाकटा सांगायचा अर्थ, ऐटीत, अर्धा चुकीचा.

माझं चिंचोळीचं काही सुटलेलं नाही. घर विकावं तर घेतलं त्या भावात गिऱ्हाईक नाही, नोकरी सोडावी तर हप्ते आहेत. सकाळी सव्वासहाला बाइक काढतो. अंगणातला पाण्याचा जार तपासतो, अव्वांच्या ओसरीतला दिवा लागलेला असतो. थोरली तेव्हा झोपलेली असते.