वेवजीची वाट आणि चाकातली हवा

चाकात हवा भरायचा पंप हा काय आपण बायकांनी डोकं घालायचा विषय आहे, असं तुम्ही म्हणाल. वेवजीला जाईपर्यंत मीही तेच म्हणत होते. गाडी, चाकं, पाना-पकड हा ह्यांचा प्रांत. माझा प्रांत म्हणजे डबे, औषधं आणि सासूबाईंचा गुडघ्याचा पट्टा. पण त्या गाडीत आम्ही आठ माणसं बसलो होतो, त्यातलं एक अवघं तीन वर्षांचं. तेव्हा प्रांत-बिंत आता मी मानत नाही.

गाडी माझ्या धाकट्या भावजींची. मोठी प्रवासी व्हॅन घेऊन तिचं त्यांनी फिरतं घर करून घेतलंय. आत झोपायच्या फळ्या, छोटा ओटा, शंभर लिटर पाण्याची टाकी. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून अशा गाड्यांबद्दल पुष्कळ ऐकू येतं, तेव्हाच त्यांच्या डोक्यात हे भूत शिरलं. मला त्यातलं सगळ्यांत काय आवडलं सांगू? रस्त्यात कुठेही स्वच्छ न्हाणीघराची काळजी नाही! बाईमाणसाला प्रवासात याहून मोठं सुख कोणतं?

निघालो डोंबिवलीहून. घोडबंदर, मनोर, चारोटी करत अहमदाबादच्या हमरस्त्यानं तलासरी गाठायची आणि तिथून डावीकडे उंबरगावच्या रस्त्याला लागायचं. वेवजी याच वाटेवर, अगदी गुजरातच्या वेशीला टेकलेलं. १९६० पर्यंत उंबरगावसुद्धा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. राज्यं वेगळी झाली आणि ते पलीकडे गेलं. अलीकडचं वेवजी २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आलं. आत्याबाईंच्या, म्हणजे ह्यांच्या आत्याच्या वाडीत तुम्ही पडवीत बसलात तर मोबाइल महाराष्ट्रात आणि विहिरीकडे गेलात तर तो गुजरातीत स्वागत करतो. बोलीचंही तसंच. बाजारात एकाच वाक्यात मराठी, गुजराती आणि वारली ऐकायला मिळते, आणि कुणाचं काही अडत नाही.

वाडी चिकूची. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते इकडच्या मंडळींना आपल्याच लेकराला बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं. पहाटे झाडांखालून फिरावं, चिकाचे डाग पडले तर पडोत म्हणून जुनं पातळ नेसावं, आणि आत्याबाईंच्या हातची तांदळाची भाकरी खावी. संध्याकाळी उंबरगावच्या समुद्रावर गेलो. १९८७ साली रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणारी ती ‘रामायण’ मालिका याच उंबरगावात चित्रित झाली होती, हे सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी चक्क गावाला हात जोडले.

तिसऱ्या दिवशी उदवाडा-बोर्डी करून यायचं ठरलं. निघण्याआधी ह्यांनी नवा पंप बाहेर काढला. मुठीएवढा, चकचकीत, खोक्यावर ठळक १५० हा आकडा. पंक्चरवाला ‘हवा पस्तीस’ म्हणतो ना, तो आकडा म्हणजे दर चौरस इंचाला पौंडांचा दाब. आमच्या गाडीच्या मागच्या चाकांना लागतो साठ. “साठच्या अडीचपट दाबाचा पंप आहे, दहा मिनिटांचं काम,” हे म्हणाले.

पहिल्याच चाकात काट्यावर बावन्न होते. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, चोपन्नच्या पुढे काटा सरकेना. पंप असा तापला की हात लावता येईना. मग फट्‌ असा बारीक आवाज आला आणि गाडीतलं सॉकेटच बंद पडलं. फ्यूज गेला. त्यात मागे जोडचाकं. आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हपर्यंत पंपाची आखूड नळी पोचेचना. हे म्हणाले, “आतलंही बाहेरच्यासारखंच असणार.” भावजींनी मान डोलावली. मी गप्प बसले. तेवढी एक गोष्ट मला अजून खाते.

हळूहळू नेत गाडी उंबरगाव रस्त्यावरच्या पंक्चरच्या टपरीवर नेली. तिथल्या पोरानं काही न विचारता लोखंडी सळई उचलली आणि एकेका चाकावर ठोकली. टण्‌, टण्‌, टण्‌... आणि एका आतल्या चाकावर धप्प. “बेन, हा बसला हाय,” तो मला म्हणाला. जोडचाकांत ही मोठी फसगत असते बघा. एक चाक बसलं तरी जोडीदार सगळा भार उचलतो, गाडी कलत नाही, बाहेरून काही कळत नाही. आणि ते एकटं चाक दोघांचं ओझं वाहून वाहून तापत जातं.

“भरून दे की हवा,” हे म्हणाले. पोरगं मान हलवून म्हणालं, “नाय भरणार.” त्यानं जॅक लावला, चाक काढलं, टायर सोडवून आमच्यासमोर उलटा धरला. आतून मूठभर काळा भुगा खाली पडला. कमी हवेत चालल्यामुळे टायरच्या बाजू दुमडून दुमडून आतून झिजल्या होत्या. अशा टायरात हवा भरली तर भरतानाच बाजू फाटू शकते. नाही फाटली तर रस्त्यात फुटतो. हमरस्त्यावर, मागे सासूबाई, मांडीवर तीन वर्षांचं पोर. मी त्या भुग्याकडे बघतच राहिले. बोर्डी राहिली ती राहिलीच.

स्टेपनी चढवून होईतो तिथेच बाकड्यावर बसलो. शेजारी मोळ्या उतरवून दोघी वारली बायका टेकल्या होत्या. याच तालुक्यातल्या झरी गावी १९४५ मध्ये वारल्यांनी वेठबिगार करणार नाही असं ठरवलं. गोदावरी परुळेकर त्या लढ्यात होत्या आणि ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्यांनी ते सगळं लिहिलं आहे. कॉलेजात असताना वाचलं होतं. त्या मातीत आपण कधी चहा पीत बसू असं मनात आलं नव्हतं.

घरी आल्यावर पंप निवडायचं काम मी हट्टानं माझ्याकडे घेतलं. चार दुकानं हिंडल्यावर जे कळलं ते सांगते. खोक्यावरचा मोठा आकडा ही पंपाची शेवटची मर्यादा. तिथपर्यंत तो किती वेळात आणि किती मोठं चाक नेईल, हे त्यात कुठेच नसतं. विचारायचं ते असं, की मिनिटाला किती लिटर हवा देतो आणि सलग किती वेळ चालतो. पुरणाची डाळ वाटताना मिक्सर तापला की आपण थांबतो ना, नाही थांबलो तर खालचं लाल बटण उडतं. पंपाचंही तेच. काही पंप दहा मिनिटं चालवून तितकाच वेळ थांबवावे लागतात. साध्या मोटारीच्या चार चाकांत दोन-तीन पौंडांची भर घालायला छोटा पंप पुरतो. मोठ्या व्हॅनच्या सहा चाकांना तो म्हणजे चहाच्या भांड्यात लग्नाचा भात.

दुसरं विजेचं. गाडीतल्या त्या सॉकेटला बहुधा १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो. दमदार पंप त्याहून जास्त वीज ओढतो, म्हणून त्याला चिमटे असतात. ते थेट बॅटरीला लावायचे. पंप चालताना इंजिन सुरू ठेवावं, पण गाडी उघड्यावर हवी, बंद गॅरेजात मुळीच नाही. धूर जीवघेणा असतो. चार्जिंगवर चालणारे पंपही मिळतात आणि सोयीचे असतात, मात्र मोठ्या चाकांना त्यांची बॅटरी मध्येच मान टाकते, आणि उन्हात तापलेल्या गाडीत ते ठेवू नयेत.

नळी आणि वायर मिळून मागच्या चाकापर्यंत पोचतात का, हे दुकानात जाण्याआधी घरीच मोजा. मी शिवणाची टेप घेऊन बॉनेटपासून मागच्या चाकापर्यंत मोजत होते तेव्हा शेजारच्या काकू गॅलरीतून हसत होत्या. हसू देत. जोडचाकं असतील तर आतल्या व्हॉल्व्हसाठी लांब तोंड वेगळं घ्यावं लागतं. आणि हवा बघायचा काटा स्वतंत्र असू द्या. पंपावरचा नि हातातला काटा जुळत नाहीत हे आम्ही अनुभवलं.

हो, आकडा कोणता धरायचा हे राहिलंच! टायरच्या अंगावर छापलेला नाही, तो कमाल मर्यादेचा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पट्टी असते, तिच्यावरचा बघा. गाडीला वजन वाढवून घर केलं असेल, पाण्याची टाकी बसवली असेल, तर टायरवाल्याला भार सांगून विचारून घ्या. हवा बघायची ती सकाळी, गाडी हलवण्याआधी. चालून तापलेल्या चाकात आकडा वर गेलेला दिसतो, म्हणून त्यातली हवा सोडायची नाही. आणि चाक पार बसलेलं असेल तर पंप काढूच नका, टायर उघडून दाखवा.

आमचा नवा पंप चिमट्यांचा आहे, जड आहे, आणि आवाज पीठगिरणीसारखा करतो. दिवाळीनंतर पुन्हा वेवजीला गेलो तेव्हा सकाळी सहाही चाकं मीच तपासली, ह्यांनी वही धरली. आत्याबाईंचा गडी बाजूला उभा राहून बघत होता. शेवटी लाजत लाजत म्हणाला, “माझ्या सायकलीत पण टाका ना.” तिचा व्हॉल्व्ह वेगळा असतो, पण पंपाबरोबर आलेल्या पिशवीत त्याचंही छोटं पितळी तोंड निघालं. एका मिनिटात सायकल टणक झाली, आणि दुपारी गाडीत चिकूची एक करंडी जास्तीची येऊन बसली.