कोहकन

उर्दूत गिर्यारोहणाला ‘कोहपैमाई’ म्हणतात. कोह म्हणजे डोंगर, पैमा म्हणजे मोजणारा. आठवीच्या मुलींना मी हा शब्द फळ्यावर फोड करून शिकवत आले. प्रस्तरारोहण हा मराठी शब्द मात्र आमच्या मुलींच्या जिभेवर बसत नाही, माझ्याही बसत नव्हता. डोंगर आमच्या वर्गाच्या खिडकीतूनच दिसतो, मुंब्र्याचा. त्याच्यावर चढावं असं मला वयाच्या 37व्या वर्षापर्यंत कधी वाटलं नाही. तो पावसाळ्यात हिरवा आणि उन्हाळ्यात करपलेला दिसायचा, एवढाच त्याचा आणि माझा संबंध.

2022च्या हिवाळ्यात गिर्यारोहण करणाऱ्या काही तरुण मुलांनी आमच्या शाळेतल्या मुलींना रविवारी कातळ चढायला शिकवायचं ठरवलं. पालकांची एकच अट होती, सोबत बाई पाहिजे. बाकीच्या बायांना रविवारी घरची कामं होती. मलाही होती, पण मी बिनलग्नाची. अशी जबाबदारी आपोआप माझ्याच गळ्यात पडते.

पहिले दोन रविवार मी बुरख्यात दगडावर बसून मुलींच्या चपला सांभाळल्या. तिसऱ्या रविवारी शिकवणारा मुलगा म्हणाला, “मॅडम, नुसत्या बसण्यापेक्षा दोर धरायला शिका.” त्याला ते बिले म्हणतात. चढणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला बांधलेला दोर वर कातळातल्या कड्यांतून फिरून खाली येतो आणि खालच्या माणसाच्या कमरेच्या पट्ट्यावरल्या छोट्या यंत्रातून जातो. चढणारा वर सरकला की खालच्याने दोर ओढून घ्यायचा, तो निसटला की आवळायचा. नजर सतत वर. मानेला रग लागते. वर्गात चाळीस मुलींवर नजर ठेवणं त्यापेक्षा सोपं.

मग एक दिवस मी स्वतः चढले. बुरखा काढून ठेवला, सलवार-कमीजवर हार्नेस चढवला, ओढणी कमरेला गुंडाळली. दहा फुटांवर हातातलं त्राणच गेलं. खालून आवाज आला, “मॅडम, हाताने नाही, पायाने चढा!” हे कळायला मला तीन महिने लागले. सोमवारी खडू धरता येईना, बोटांची सालं निघाली होती. उशिरा सुरू करणाऱ्यांचं असं असतं म्हणे की स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण बोटांतल्या शिरांना, म्हणजे हाडाला स्नायू बांधणाऱ्या त्या दोऱ्यांना, महिनोन्महिने लागतात. अंगात जोर आला म्हणून हुरळून गेलात तर बोट जायबंदी. म्हणून दोन चढायांच्या मध्ये दोन दिवस विश्रांती. तरुण मुली हे ऐकत नाहीत. मला ऐकावंच लागलं.

स्टाफरूममध्ये जे बोलायचं ते बोलून झालं. एक बाई म्हणाल्या, “आता या वयात?” त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत.

पण मला सांगायचं आहे ते अब्बांचं.

एका रविवारी मी चष्मा घरी विसरले आणि तो द्यायला अब्बा डोंगराखाली आले. चष्मा माझ्या हातात दिला, पण परत फिरले नाहीत. जमिनीवर पडलेला दोर त्यांनी उचलला, बोटांत चोळला, दोन्ही हातांत धरून ताणून पाहिला आणि म्हणाले, “नरम है.”

अब्बा माणदेशातले. 1972च्या दुष्काळात ते 14 वर्षांचे होते. आमच्या दादीबरोबर सरकारी कामावर खडी फोडायचे, सुकडी खायचे. दुष्काळ संपला, पण खडी सुटली नाही. पुढे ते पारसिकच्या डोंगरातल्या खाणीवर आले. सुरुंग उडाला की कड्यावर अर्धवट सुटलेले दगड लटकत राहतात, ते पाडल्याशिवाय खाली माणसं काम करू शकत नाहीत. ते पाडायचं काम अब्बांचं. वर पहार ठोकायची, तिला काथ्याचा दोर बांधायचा, दुसरं टोक कमरेला, आणि दुसऱ्या पहारेने एकेक दगड उचकटत खाली यायचं. ही गोष्ट मला ठाऊक होती, पण कामाचं नाव ठाऊक असावं तशी. लहानपणी मला ठाऊक होती ती त्यांच्या भुवयांवरची राखाडी धूळ, आणि अम्मींचं, अंघोळ झाल्याशिवाय त्यांना बिछान्यावर बसू न देणं. पुढे त्यांनी खाण सोडली आणि भाजीची गाडी लावली. त्या गाडीवर माझं बी.एड. झालं.

आठवीला फरहादचा संदर्भ आला की मी सांगते, शिरीनसाठी बेसतूनचा पहाड फोडणारा तो फरहाद, म्हणून त्याला कोहकन म्हणतात, डोंगर फोडणारा. इतकी वर्षं सांगितलं. कोहकन माझ्याच घरात चहा पीत बसलेला असायचा, हे मला सुचलं नव्हतं.

त्या दिवशी मी अब्बांना दोराचं सांगितलं. हा नायलॉनचा दोर मुद्दाम ताणला जाईल असा विणतात. माणूस पडला की तो लांबतो आणि धक्का आपल्या अंगावर घेतो. काथ्याचा तसा विणलेला नसतो, झटक्याने दोरच तुटू शकतो. अब्बा ऐकत होते. मग दगडावर बसून, माझ्याकडे न बघता, त्यांनी खाण का सोडली ते सांगितलं. जोडीदाराची पहार उपटून आली होती. अब्बा शेजारच्याच दोरावर होते. “आवाज बी नै किया उसने. ऊपर देखनेवाला कोई नै था.” घरात कुणाला हे माहीत नव्हतं, अम्मींनाही नाही.

मी म्हटलं, “तुम्ही एकदा चढून बघा ना.”

“पेट के वास्ते चढ्या मैं. तू कायकू चढतीस?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नीटसं नाही.

मग मी आपली बाईगिरी केली, दाखले दिले. अमेरिकेत डिअर्ड्र वोलोनिक नावाच्या भाषा शिकवणाऱ्या बाई आहेत. त्यांचा मुलगा अ‍ॅलेक्स होनॉल्ड जगप्रसिद्ध चढाईपटू. त्यांनी साठीच्या आसपास दोर हातात घेतला आणि 2017 साली, 66व्या वर्षी, मुलाबरोबर एल कॅपिटन हा योसेमिटीतला सुमारे 3000 फुटांचा कडा चढल्या. स्वित्झर्लंडचे मार्सेल रेमी त्याच साली 94व्या वर्षी मुलांसोबत आल्प्समधला कडा चढले. अब्बा म्हणाले, “उनको पेन्शन होंगी.”

अम्मींचं म्हणणं सरळ होतं. या वयात हाड मोडलं तर जुळायला किती दिवस लागतात, आणि करणार कोण? ते खोटं नव्हतं. अब्बांना रक्तदाबाची गोळी चालू, उजवा गुडघा दुखरा. डॉक्टरांनी तपासून, वरून दोर असेल तर हरकत नाही असं सांगितलं, तरी मला रात्री झोप येईना. हा माझा शौक आहे, तो मी म्हाताऱ्या माणसावर लादते आहे का? पण चार-पाच महिन्यांनी, 2024च्या फेब्रुवारीत, एका पहाटे अब्बा कॅनव्हासचे बूट घालून दारात उभे होते. तेव्हा ते 65 वर्षांचे होते.

हार्नेस बांधून झाला. दोराची गाठ शिकवणारा मुलगा पुढे झाला, तोवर अब्बांनी आपली गाठ मारली होती. मुलाने ती सोडून आठाची मारायला लावली. अब्बांना ते आवडलं नाही. दोर मी धरला.

आम्ही कातळ डोळ्यांनी बघून चढतो. अब्बा कानांनी चढले. हात टाकण्याआधी प्रत्येक खोबणीवर ते मूठ ठोकायचे. ठक्क आवाज आला की पुढे. पंधरा फुटांवर थांबले, पुन्हा ठोकलं, आणि वरून ओरडले, “ये बोदा है!” ज्या कपारीला धरून आमच्या मुली महिनाभर चढत होत्या तीच ती. ते डावीकडून वळसा घेऊन गेले. नंतर शिकवणाऱ्या मुलाने जाऊन ठोकून पाहिलं. आतून पोकळ. त्याने खडूने त्यावर फुली मारली, आणि मुलींना दुसऱ्या वाटेने चढवायला लागला. सह्याद्रीचा हा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, थरावर थर. वरून अखंड दिसतो आणि आत कुठे सुटलाय ते सांगत नाही. मी हे पुस्तकात वाचलं होतं.

अर्ध्यावर त्यांचा उजवा पाय थरथरायला लागला. मानेतून त्यांचा आवाज आला, “पकडी क्या?”

“पकडी हूं, अब्बा.”

तीनदा विचारलं. तीनदा सांगितलं.

वर पोहोचणं अवघड गेलं नाही. अवघड झालं ते खाली येणं. खाली येताना दोन्ही हात सोडून हार्नेसमध्ये मागे टेकून बसायचं असतं, दोरावर पूर्ण भार टाकून. अब्बांना ते जमेना. हात कातळाला चिकटले. खालून सगळे सांगत होते, चाचा छोडो, चाचा बैठो. पाचेक मिनिटं गेली असतील. माझ्या तळहाताला घाम आला होता, दोर घट्ट होता. मी काही बोलले नाही. मग एक हात सुटला, काही वेळाने दुसरा. दोर किंचित ताणला आणि त्यांचा सगळा भार माझ्या कमरेवर आला. 62 किलो. मी अर्धी उचलली गेले.

खाली आल्यावर त्यांनी पाणी मागितलं, आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

आता ते दर रविवारी येतात. दर वेळी चढत नाहीत, गुडघा सुजला की खाली बसतात आणि लहान मुलींना दगडाचा आवाज ऐकायला शिकवतात. अम्मीही डबा घेऊन एकदा येऊन गेल्या, वर मात्र बघितलं नाही. हल्ली अब्बा बिले शिकताहेत. त्यांना माझा दोर धरायचा आहे. शिकवणारा मुलगा अजून परवानगी देत नाही. आधी वाळूच्या पोत्यावर परीक्षा द्या म्हणतो, आणि ती परीक्षा येत्या रविवारी आहे.