अधिकाचे पाणी

जुन्या भारतीय ज्योतिर्विदांनी आपली मध्यरेखा उज्जैनवरून नेली आणि तिच्या आधाराने काळ मोजला. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे 11 दिवसांनी तोकडे पडते. ही तूट भरून काढायला दर 32-33 महिन्यांनी पंचांगात एक महिना, म्हणजे अधिक मास, वाढवावा लागतो. आपल्या घरी तो धोंड्याचा महिना, जावयाच्या वाणाचा आणि 33 अनारशांचा. उज्जैनने मात्र हा हिशोबातून उरलेला महिना आपल्या तळ्यांच्या नावे लिहून दिला.

ही तळी सात आणि त्यांना म्हणायचे सप्तसागर. रुद्रसागर, पुष्करसागर, क्षीरसागर, गोवर्धनसागर, रत्नाकरसागर, विष्णुसागर, पुरुषोत्तमसागर. अधिक मासात बायाबापड्या एकेका सागराला त्याचे ठरलेले वाण देत जातात. रुद्रसागराला मीठ आणि चांदीचा नंदी, पुष्करसागराला चण्याची डाळ आणि पिवळे वस्त्र, पुरुषोत्तमसागराला मालपुवे आणि चाळणी. शिंद्यांच्या काळापासून इथे रुजलेल्या एका मराठी घरातल्या काकू मला म्हणाल्या, "मालपुवा इथला, अनारसा आपला. जाळी दोघांनाही हवी." राणोजी शिंद्यांच्या दिवाणांनी, रामचंद्रबाबा सुखटणकरांनी, महाकालाचे मंदिर पुन्हा उभे केले, हे आपण अभिमानाने सांगतो. काकूंच्या स्वयंपाकघरातही मराठी माणसाच्या आणि उज्जैनच्या त्याच नात्याचा धागा टिकून आहे.

सात सागरांतले बाकीचे शहराच्या कुशीत आहेत. रत्नाकरसागर तेवढा वेशीबाहेर, उंडासा गावापाशी. मक्सीच्या रस्त्याने निघाले की घरे विरळ होत जातात आणि माळव्याची काळी जमीन उघडी पडते. मी गेले ती मार्गशीर्षातली सकाळ होती. दोन्ही अंगांना वीतभर वाढलेला गहू, मध्येच हरभऱ्याचे जांभळट फूल, लसणाचे वाफे. मग तलावाची पाळ चढायची, आणि समोर एकदम पाणीच पाणी. काठाशी वारकरी पक्ष्यांचे काळे थवे होते. पाणकावळे पंख पसरून ऊन खात होते. दूर उथळ पाण्यात चक्रवाकांची केशरी जोडी दिसली. कालिदासाने मेघदूतात उज्जैनच्या शिप्रा नदीच्या वाऱ्यावर सारसांचा आवाज ऐकवला आहे. त्या कवितेच्या प्रदेशात पाणी आणि पाखरू वेगळे काढताच येत नाही.

रत्नाकराचे वाण पंचरत्ने आणि सौभाग्यलेणी. शेतांमधल्या एका तळ्याला रत्ने वाहायची! पाळीवर उभे राहिले की त्यामागचा शहाणपणा कळतो. माळव्याच्या काळ्या मातीखाली काळा खडक आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत पाणी साठते, फार खोल नाही आणि फार विपुलही नाही. तळ्यात पावसाचे पाणी थांबले तर ते हळूहळू मुरते, विहिरींना पाझर लागतो आणि उन्हाळा निभतो. कूपनलिका खोल खोल गेल्या, तसा हा साठा खालावला. शिप्राही आटली. 2014 पासून नर्मदेचे पाणी उपसून, पठारावर चढवून तिच्या पात्रात सोडावे लागते. महाकालाच्या नगरीत नदीला दुसऱ्या नदीचे पाणी द्यावे लागते, याचे दुःख मला मंदिराच्या गर्दीतही विसरता येत नाही.

म्हणूनच मला या सप्तसागर यात्रेचे मोल वाटते. शहरातली सहा तळी डोळ्यांसमोर असतात. रुद्रसागराकाठी तर 2022 मध्ये महाकाल मंदिराचा 'महाकाल लोक' हा परिसर उभा राहिला आणि तिथे सतत राबता असतो. सातव्यासाठी मात्र माणसाला वेस ओलांडावी लागते. आपल्या ताटातला गहू कुठल्या रानात उभा राहतो आणि त्या रानाला कोण पाजते, हे पाहिल्याशिवाय व्रत पुरे होत नाही. ज्यांनी ही वाट आखली, त्यांनी दर तिसऱ्या वर्षी तळ्यांची विचारपूस होईल अशी सोय धर्मातच करून ठेवली. सागर बुजला किंवा त्यावर वस्ती चढली, तर वाण द्यायला आलेल्या बाईच्या ते पहिल्यांदा लक्षात येते.

आपल्याही गावोगावी तळी आहेत, आणि धोंड्याचा महिना आपल्याकडेही येतो. जावयाला द्यायच्या 33 अनारशांतला एक गावच्या तळ्याच्या नावाने काढावा आणि तो घेऊन घरातल्या सगळ्यांनी पाळीपर्यंत चालत जावे. अनारसा काठावरच्या पोराच्या हातावर ठेवावा, आणि गाळ किती साचला, पाणी कुठून येते, कोणी अडवले, हे नीट पाहून यावे.