फुकटचं काम

आमच्या शाळेत ११ नोव्हेंबरला मौलाना आझाद आणि १२ला सालिम अली, असे दोन कार्यक्रम लागोपाठ येतात. (दिवाळीच्या सुट्टीत सापडले नाहीत तर!) मौलानांवर मुलं भरभरून बोलतात. सालिम अलींच्या वाट्याला मात्र चार ओळी: जन्म १८९६, मुंबई, पक्ष्यांवर पुस्तकं, पद्मविभूषण. संपलं. म्हणून आठवी-नववीच्या मुलांना घेऊन मी गोव्यात चोडणला गेले. तिथल्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्यात काही स्वयंसेवक कांदळवनातला कचरा काढायला जमणार होते.

चोडण हे मांडवी नदीतलं बेट. रायबंदरहून फेरीबोट धरायची की काही मिनिटांत पलीकडे. बेटाच्या पश्चिम टोकाला हे अभयारण्य आहे, अवघ्या १७८ हेक्टरांचं. सालिम अली १९८७मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी ते जाहीर झालं.

समुद्र जवळ असल्यामुळे भरतीचं पाणी दिवसातून दोनदा आत शिरतं. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात, झाड त्यांतून श्वास घेतं. भरतीबरोबर दुधाच्या पिशव्या, बाटल्या, जाळ्यांचे तुकडे येतात. ओहोटीला पाणी निघून जातं, पिशवी मुळांतच राहते. मुळं झाकली गेली की झाड गुदमरतं. हा कचरा चोडणच्या लोकांचाच असतो असं नाही. नदी दोन्ही काठांवरचं सगळं आणून टाकते. आणि पिशवी हिसका देऊन ओढायची नसते. तिच्यासोबत कोवळं रोप उपटून येतं. कात्रीनं कापून, हळूहळू सोडवायची. चिखलात गुडघाभर रुतून पोरं हे करत होती, मध्येच एखादी निवटी टुणकन उडाली की किंचाळत होती. निळा-पांढरा खंड्या दिसला तेव्हा मात्र सगळी गप्प.

जाण्यापूर्वी एका मुलीच्या अब्बांनी विचारलं होतं, "टीचर, या कामाचा पगार घेणारे लोक आहेत ना? मग आमच्या पोरींनी फुकट कचरा का उचलायचा?" प्रश्न चुकीचा नाही. आपल्या समाजात कचरा कोणी उचलायचा हे फार जुन्या काळापासून ठरवून ठेवलेलं आहे, आणि गरिबाच्या मुलाला 'सेवा' म्हणून तेच काम देणं मला पटत नाही. पगारी माणसं हवीतच, आणि जास्त हवीत. पण सालिम अलींची गोष्ट मी त्यांना सांगितली.

हा माणूस पहिल्याच वर्षी कॉलेज सोडून बर्मात घरच्या धंद्यावर गेला. पुढे मुंबईच्या म्युझियममध्ये गाइडची नोकरी मिळाली. जर्मनीत शिकून १९३०मध्ये परतले तर पैसे नाहीत म्हणून ती जागाच बंद झालेली. मग अलिबागजवळच्या किहीमला राहून सुगरणीची घरटी न्याहाळत बसले. त्यानंतर त्यांनी संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी करायची तयारी दाखवली: खर्च तेवढा द्या, मेहनताना नको. हैदराबादची पाहणी तशीच झाली. पुढच्या पुस्तकांमागे अशीच वर्षानुवर्षांची पायपीट आहे. अब्बांनी ऐकून घेतलं, सही केली, पण म्हणाले, "त्यांच्या घरी खायला असेल." तेही खरंच. खानदान तय्यबजींचं होतं.

मला खटकलं ते वेगळंच. स्वयंसेवकांपैकी काहींना वाटतं, या जागेची जाहिरात झाली पाहिजे, लोक आले तर सरकार लक्ष देईल. काहींना वाटतं, लोक आले की वेफर्सची पाकिटंही येतील. भरतीच्या वेळी होडीतून पक्षी दाखवणारा गावातला माणूस पहिल्या बाजूचा. त्याचं पोट त्यावर आहे. मी त्याच्या बाजूनं आहे, पण दहा-दहाच्या गटानं, आवाज न करता. आमची चाळीस मुलं एकदम घेऊन जाणं त्याला मुळीच आवडलं नव्हतं, आणि त्यानं ते तोंडावर सांगितलं. मग आम्ही चार गट केले.

परतताना मुलं बसमध्ये मोजत होती: अकरा पोती. त्यातली सात नुसत्या पिशव्यांची.

आमच्या गावच्या खाडीतही तिवरं आहेत, हे काहींच्या तेव्हा ध्यानात आलं. सोमवारी दोन मुली मासेवालीकडे गेल्या, शनिवारी ओहोटी किती वाजता ते विचारायला. "सकाळी सातला," ती म्हणाली, "पण काय, कालवं काढायला येताय?"