खाकी पिशवी

मी एसटीत कंडक्टर होतो. नागपूर-चंद्रपूर, नागपूर-गडचिरोली करण्यात एकतीस वर्षं गेली. गणेशपेठहून गाडी निघाली की पुढचा मोठा स्टँड येईपर्यंत लघवी दाबून ठेवायची, हे अंगवळणीच पडलं होतं. माझं मूत्राशय तिथंच बिघडलं, असं बायको म्हणते. डॉक्टरांनी दोष साखरेला आणि प्रोस्टेटला दिला. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, पण मूत्राशयात लघवी बाहेर ढकलायची ताकदच उरली नव्हती. दिवसातून चार-पाच वेळा आपल्याच हातानं नळी घालून लघवी काढायची आणि नळी लगेच काढून टाकायची, हा मार्ग डॉक्टरांनी आधी सुचवला होता. जमणाऱ्यानं तोच धरावा. माझे हात थरथरतात. म्हणून नळी आतच राहिली, तिला आता चौथं वर्ष लागलं.

नळी सोळा नंबरची, सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास जाड. टोकाशी एक फुगा. नळी आत गेली की सिस्टर सिरिंजनं त्यात दहा सीसी डिस्टिल्ड वॉटर भरते, मग ती निसटत नाही. सलाइन भरत नाहीत, कारण त्याचे खडे धरून फुग्याची वाट बुजू शकते. फुगा रिकामा झाला नाही तर नळी काढायची कशी? ही युक्ती अमेरिकेतल्या फ्रेडरिक फोली नावाच्या डॉक्टरची, १९३०च्या दशकातली. माझ्या बापाच्या वयाची वस्तू माझ्या पोटात आहे म्हणायची!

नळीचा त्रास होतो, नाही असं नाही. कधी मूत्राशय आवळतं आणि नळीच्या बाजूनं थेंब गळतात. पण खरा त्रास लाजेचा. ऑपरेशन झालेल्या दवाखान्यातून घरी सोडताना कागदावर ‘नळीची काळजी घ्या’ एवढंच लिहिलं होतं. काळजी म्हणजे काय, ते कुणी सांगितलं नाही. मी आपला नळीला जोडलेली लघवीची पिशवी लोकांपासून लपवण्यालाच काळजी समजलो.

पहिल्याच उन्हाळ्यात भाच्याचं लग्न होतं. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, मंडपात कूलर नुसती गरम हवा फेकत होते. पिशवी भरली तर रिकामी कुठं करायची, या धास्तीनं सकाळपासून दोन ग्लासही पाणी पोटात गेलं नाही. लोक पन्हं घेऊन येत, मी हात जोडत असे. रात्री दीड वाजता पोट दगडासारखं झालं, अंगाला घाम सुटला आणि पिशवी कोरडी. लघवी घट्ट होऊन गाळ नळीत अडकला होता. ऑटोनं दवाखाना गाठला. नळी बदलल्याबरोबर साडेसातशे एमएल लघवी निघाली. “अहो, पाणी काऊन नाही पेले?” बायकोनं विचारलं. मी काय सांगणार?

नळी बदलणाऱ्या सिस्टरनं त्या रात्री जे शिकवलं, त्यावर आजवर चाललं आहे. पिशवी कायम कंबरेच्या खाली. एसटीची उंच पायरी चढतानाही वर उचलायची नाही, नाहीतर लघवी उलटी आत जाते. दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची. तोटी जमिनीला लागू द्यायची नाही. नळीभोवतीची जागा रोज साध्या साबणानं धुवायची, पावडर नको. लघवी गढूळ दिसली म्हणून आपल्या मनानं अँटिबायोटिक घ्यायचं नाही. नळी असली की जंतू सापडतातच. ताप, थंडी वाजली तर मात्र लगेच डॉक्टर.

बायकोनं माझ्या जुन्या युनिफॉर्मच्या पँटची खाकी खोळ शिवून दिली. मांडीला बांधायच्या पिशवीवर ती बसते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी म्हटलं, पुन्हा ड्युटीवर घेतलं बाप्पा! आता सीताबर्डीला जातो, महाराजबागेत बसतो. बाटली सोबत असते. पण नव्या ठिकाणी गेलो की पाण्याचा ग्लास हातात घेण्याआधी माझी नजर अजूनही संडासाचं दार शोधते.

म्हणून एक विनंती आहे. नळीवाला माणूस तुमच्या घरी आला तर त्याला आधी संडास कुठं आहे ते दाखवा, मग पाणी द्या.