अंडी विकून आणलेला डबा

आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर आजही एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यावरचे चित्र आता पुसट झाले आहे. पण नीट निरखून पाहिले, तर हातात पेला घेऊन हसणारा एक मुलगा ओळखू येतो. आई त्या डब्यात दुधीच्या आणि शिराळ्याच्या बिया ठेवते. हा डबा आमच्या घरी कसा आला, ही हकिगत सांगण्याजोगी आहे. जाहिरात माणसाच्या मनात कोणत्या दाराने शिरते, हे आम्हांला पुढे वाचलेल्या पुस्तकांपेक्षा या डब्यानेच अधिक शिकवले.

गोष्ट १९८४ सालची. वसईतील आमच्या आळीत तेव्हा एकाच घरी दूरदर्शन संच होता. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट पाहायला सारी आळी त्या घरच्या ओटीवर जमे. आई भाजीच्या जुड्या बांधता बांधता पाही. मध्येच जाहिराती लागत. त्यांतल्या एकीत एक आई मुलाला भिंतीशी उभे करून त्याची उंची मोजी आणि तो वाढलेला पाहून तिचे डोळे भरून येत. आम्ही तेव्हा वर्गात सर्वांत बुटके होतो. ती जाहिरात लागली, की आमच्या आईचे हात थांबत आणि ती एकवार आमच्याकडे पाही.

परसात सात-आठ कोंबड्या होत्या. अंडी घरात खाल्ली जात. उरलीच तर विकली जात. त्या वर्षी हा क्रम उलटला. शुक्रवारी पापडीच्या बाजाराला जाताना आई भाताच्या कोंड्यात जपून अंडी नेऊ लागली. असे काही आठवडे गेले आणि एका शुक्रवारी ती तो डबा घेऊन परतली. दुधात दोन चमचे भुकटी ढवळून तिने पेला आमच्या हाती दिला आणि म्हणाली, “आता बघ, कसा वाढतोस ते!”

शरीराच्या वाढीला जे लागते, ते आमच्या परसातून बाजारात गेले आणि त्याच्या जागी गोड भुकटी आली. तेही दुर्लक्षामुळे नव्हे, तर निव्वळ मायेपोटी! त्या जाहिरातीने आईला जणू एवढेच विचारले होते, “तुमचे मुलावर प्रेम आहे ना?” या प्रश्नाला कोणती आई नाही म्हणेल? होकार दिला, की पुढचे पाऊल आपोआप पडते : प्रेम असेल, तर डबा घरात दिसला पाहिजे.

भावनेला घातलेल्या सादेची खुबी आम्हांला इथे दिसते. जाहिरात नवी भावना क्वचितच निर्माण करते. आपल्या घरात असलेलीच ती उसनी घेते, तिची एखाद्या वस्तूशी गाठ बांधते आणि किंमत लावून आपल्यालाच परत विकते. मग ती भावना माया असो, लाज असो वा स्वाभिमान.

लाजेचे उदाहरण अमेरिकेतले आहे. लिस्टरीन हे द्रावण एकोणिसाव्या शतकात शस्त्रक्रियेसाठी जंतुनाशक म्हणून निघाले. १९२० नंतरच्या दशकात त्याच्या जाहिरातींनी तोंडाच्या दुर्गंधीला एक वैद्यकीय वाटणारे भारदस्त नाव लावले आणि चित्रात एक उदास तरुणी दाखवली. मैत्रिणींच्या लग्नात ती नेहमी करवली होते. नवरी मात्र कधीच होत नाही. कारण तिच्या तोंडावर कोणी सांगत नाही! वाचणाऱ्या प्रत्येकीच्या मनात शंका शिरली : माझ्याही पाठीमागे लोक हेच बोलत असतील का?

स्वाभिमानाचे उदाहरण त्याहून बोलके आहे. १९२९ साली ईस्टरच्या रविवारी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर नटूनथटून निघालेल्या लोकांत काही तरुणींनी सर्वांदेखत सिगारेटी शिलगावल्या. त्यांना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ असे नाव देण्यात आले आणि वृत्तपत्रांनी ती बातमी म्हणून छापली. या प्रसंगाची आखणी एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धी-तज्ज्ञाने एका तंबाखू कंपनीसाठी केली होती. स्त्रियांची समानतेची आकांक्षा खरी होती. तिच्या हाती ठेवलेली वस्तू मात्र विषारी होती.

हे सारे ठाऊक असूनही आम्ही सुटलो, असे नाही. गेल्या पावसाळ्यात एका रात्री मोबाइलवर आमच्या मुलीसाठी शिकवणीची जाहिरात आली. मुलगी सहावीत; गणितात जरा मागे. पडद्यावर घड्याळ उलटे चालले होते : सवलत संपायला दहा मिनिटे! खाली दोन पर्याय होते. एक ठळक अक्षरांत, ‘आताच नाव नोंदवा’. दुसरा फिकट अक्षरांत, ‘नको, मुलीच्या भवितव्याची मला फिकीर नाही’. या दुसऱ्या ओळीवर अंगठा ठेवण्याचे धैर्य आम्हांला होईना. बँकेच्या कार्डाचा क्रमांक अर्धा भरून झाला होता. तेवढ्यात, का कोण जाणे, कोंड्यातली अंडी आठवली आणि आम्ही मोबाइल बंद केला. दुसऱ्या रात्री तीच जाहिरात पुन्हा आली. घड्याळ पुन्हा दहा मिनिटांवरूनच सुरू झाले होते.

अशा युक्त्यांची दखल आता सरकारनेही घेतली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला भुलवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. तेरा प्रकारांच्या त्या यादीत खोटी घाई निर्माण करणे आणि नकार देणाऱ्याला लाजवणे, हे दोन्ही आहेत. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सूचना दिली, की अशा भुकट्या व पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गात दाखवू नयेत. कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात असा वर्गच नाही. आईचा तो डबा घरी येऊन तेव्हा चाळीस वर्षे झाली होती.

परंतु, वाचकहो, कायदा आपल्या मनाच्या उंबऱ्यावर पहारा देऊ शकत नाही. तो आपणच द्यायचा. आम्ही घरी एक साधी कसोटी लावतो. जाहिरात पाहून गळा दाटून आला, तर मनातल्या मनात त्या गोष्टीतून वस्तू काढून टाकायची. उंची मोजणारी आई तशीच राहते. तिचे भरून आलेले डोळेही तसेच राहतात. म्हणजे त्या गोष्टीला डब्याची गरजच नव्हती. मग उलट करायचे : गोष्ट बाजूला ठेवून डब्याची मागची बाजू वाचायची. घटकांची नावे तिथे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात. अनेक डब्यांवर साखर पहिल्या दोन-तीन नावांतच सापडते. आणि घाई असेल, तर एक रात्र जाऊ द्यायची. सकाळीही हवीशी वाटली, तर वस्तू खुशाल घ्यावी. भावना मारून टाका, असे आमचे म्हणणे नाही. फक्त तिची गाठ कोण आणि कशाशी बांधतो आहे, ते पाहावे.

शिकवणीचे म्हणाल, तर हल्ली रोज रात्री अर्धा तास आम्हीच मुलीजवळ गणिताची वही घेऊन बसतो.

आमची उंची पुढे वाढली. पण ती पंधराव्या वर्षी, वडिलांची वाढली होती तशीच. आई मात्र अजून श्रेय डब्यालाच देते. परवा आम्ही तिला प्रथमच म्हणालो, “आई, डब्याने नव्हे, तू वाढवलंस.” ती काही बोलली नाही. फळीवरचा डबा काढून त्यातल्या बिया तिने ओंजळीत घेतल्या आणि ती परसात गेली. पाऊस पडून गेला होता; वेल लावायची वेळ झाली होती.