कालचा उपवास

लग्न होऊन बेळगावात आले तेव्हा आमच्या घरामागं मोठं परडं होतं. दोन आंबे, एक फणस, शेवगा, कडीपत्ता, जास्वंद आणि कोपऱ्यात आड. माघ-फाल्गुनात झाडलं की तासाभरात पुन्हा पाचोळा.

मला टापटिपीची भारी हौस. एका दुपारी सगळा पाचोळा लोटून ढीग केला आणि काडी लावली. जाळ वर आला तशी ढिगातून एक सापसुरळी तडफडत बाहेर पडली, शेपटीकडं भाजलेली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागच्या दारात उभ्या होत्या.

"काय करालीस गं हे?" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या जेवायला बसल्या नाहीत. अष्टमी नव्हती, चतुर्दशी नव्हती. मी विचारलं, "आज कसला उपवास?"

"कालचा," त्या म्हणाल्या.

खरं तर लहानपणी पाठशाळेत मी अनर्थदंड शिकले होते. विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, झाडाची पानं तोडणं ही प्रमादचर्या, असं परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी गुणही घेतले होते. पण ते वहीतलं वहीत राहिलं. परड्यातल्या पाचोळ्याशी त्याचा काही संबंध आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्यानंतर मी आत्याबाईंकडं नीट बघू लागले. भाताची पेज त्या कधीच कढत ओतायच्या नाहीत. निवली की मग कडीपत्त्याच्या बुडाशी. कढत पाणी मोरीतसुद्धा नाही, "तिथं पण कोणीतरी असतंय की." आडाचं पाणी दुहेरी जाड कापडानं गाळायचं. मग ते गाळणं गाळलेल्याच पाण्यात खळबळून, ती जिवाणी तांब्यात घेऊन, दोरीनं थेट आडातल्या पाण्यापर्यंत सोडायची. वरून ओतायची नाही. एवढे सायास करून घागर भरणारी बाई पाणी सांडेल कशाला? तांदूळ धुतलेलं पाणी जास्वंदीला, भांडी घासायला रिठ्याचं पाणी नि नारळाची शेंडी. याला पर्यावरण म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या 'जपून' एवढाच शब्द वापरायच्या.

पुढं काही वर्षांनी मी खताचा खड्डा करायचा म्हणाले, तर त्यांनीच अडवलं. "त्यात जीव होणार. मग तू फावडं मारणार. जाळलं काय नि चिरलं काय!"

मला राग आला. कचरा बाहेर टाकला तर तो दुसरीकडं कुजतो, तिथंही जीव होतातच, मी म्हणाले. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "फावडं न मारता होतंय का बघ."

होतं, बायांनो. खणायचंच नाही. जमिनीवर विटांचं आळं करायचं, विटांत फटी ठेवायच्या. खाली पाचोळा. भाजीची देठं, साली आधी उन्हात सुकवायच्या, मग टाकायच्या. एक पाटी सालींवर दोन-तीन पाट्या पाचोळा. ओल बेताची, ओला फडका पिळल्यासारखी. वरून सुका पाचोळा झाकला की वास येत नाही, माश्या बसत नाहीत, अळ्याही फारशा होत नाहीत. ढवळायचं नाही, वर्षभर वाट बघायची. आळं भरलं की शेजारी दुसरं लावायचं. गांडुळं ताज्या खाण्याकडं आपसूक सरकतात. मग पहिल्या आळ्यातलं काळं, मातीचा वास येणारं खत हातानंच हळूहळू काढायचं. एखादं गांडूळ राहिलंच तर मातीसकट उचलून शेजारी ठेवायचं. ढवळणाऱ्यांचं खत लवकर होतं, हे खरं. आम्हाला घाई नव्हती.

पहिलं खत आत्याबाईंनी स्वतः मुठीत घेऊन बघितलं. वास घेतला. म्हणाल्या काहीच नाहीत, पण त्या पावसाळ्यात अळवाला खत त्यांनीच घातलं. चातुर्मासात पालेभाजी आमच्या घरात चालत नाही, त्यामुळं अळू नुसतं बघायलाच. तरी रोज सकाळी जाऊन बघायच्या.

आता त्या नाहीत. नळाला राकसकोपचं पाणी आहे, आडावर जाळी आहे. गाळणं मात्र नळाला अजून बांधते. गल्लीत कुणी पाचोळा पेटवायला निघालं की मी पोतं घेऊन जाते आणि म्हणते, मला द्या. काही जणी हसतात, पण देतात.

त्या सापसुरळीचं पुढं काय झालं, कळलं नाही. मी शोधायलाही गेले नव्हते, हे आजही सलतं. परड्यात आता सापसुरळ्या पुष्कळ आहेत, विटांच्या फटीत राहतात. झाडताना एखादी समोर आली की मी खराटा खाली ठेवते आणि ती निघून जाईपर्यंत थांबते.